खाऱ्या पाण्याचं विरजण

मी थर्माकोलच्या खोक्याची चिकटपट्टी कापली, झाकण उचललं आणि आत पाहिलं. बर्फ. बारीक फोडून नीट थापलेला बर्फ, आणि त्यावर डोकी एका दिशेला करून ओळीने निजवलेले सात मासे. दोन पिवळेधमक, चार पट्ट्यापट्ट्यांचे, एक काळा-निळा. इतके देखणे मासे देवगडच्या बंदरावरसुद्धा मी कधी एका जागी पाहिले नव्हते. सगळेच्या सगळे मेलेले होते.

"आले का रे तुझे मासे?" माई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या होत्या. नाकाला पदर होता, पण मान लांब करून त्या खोक्यात डोकावत होत्या. "हलत कसे नाहीत?"

"प्रवासानं दमलेत."

"बर्फावर?"

मी झाकण लावलं आणि तडक कोपऱ्यावरचं एसटीडी बूथ गाठलं. देवगडला आमच्या शेजारच्या दुकानात फोन होता. त्यांनी बाबांना हाक मारेपर्यंत माझ्या कपाळावर घाम फुटला होता.

"बाबा, बरफ कित्याक घातलास?"

"म्हणजे? मिरजेक पोचापर्यंत वास येवक होयो काय?"

"माका जिते मासे होये होते!"

बूथच्या मीटरवर दोन आकडे पुढे सरकले.

"जिते?" बाबा म्हणाले. "मेल्या, चाळीस वर्सां मासे पाठवतंय मी. जितो मासो आजून कोणी मागूक नाय. तसा आधी सांगूक नको?"

मी सांगितलं होतं ते इतकंच, की 'रंगीत मासे पाठव, एकदम ताजे.' बाबांनी आयुष्यात पाठवले नसतील इतके ताजे पाठवले होते. मी फोन ठेवला. दसऱ्याला दहा दिवस उरले होते.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि मिरजेच्या एका कॉलेजातली, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतली नोकरी नुकतीच सोडून बसलो होतो. बेडूक फॉर्मेलिनमध्ये बुडवायचे आणि बरण्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या, हे काम मी पाच वर्षं केलं. मग एक दिवस वाटलं की आता जिवंत काहीतरी करू. खाऱ्या पाण्याच्या टाक्या बसवायच्या, असं मी ठरवलं. समुद्र जिथून दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर लांब आहे अशा गावात हा धंदा काढणारा माणूस शहाणा नसणार हे उघड आहे, पण तेव्हा मला तसं वाटत नव्हतं.

पहिलं आणि एकुलतं एक काम मिळालं ते डॉक्टर मुकुंद खाडिलकरांचं. ते दातांचे डॉक्टर. राहत्या घराच्या खालच्या मजल्यावर त्यांनी नवा दवाखाना बांधला होता. लहान मुलं खुर्चीत बसायला घाबरतात, मासे बघत बसतील, अशी त्यांची कल्पना. माणूस सरळ होता, पण बोलणं कापून ठेवल्यासारखं.

"तारी, दसऱ्याला उद्घाटन आहे," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "त्या दिवशी टाकीत मासे पोहत असतील तर टाकी राहील, देखभाल तुमच्याकडे, आणि माझे आणखी तीन डॉक्टर मित्र आहेत. नसतील तर तिथे टीव्ही बसेल."

माई म्हणजे त्यांच्या आई. वय अडुसष्ट, अंगात ताकद अठ्ठावीसची, आणि हातात सदैव फडकं. धूळ, डाग आणि वास हे त्यांचे तीन शत्रू. जुन्या दवाखान्यात त्यांनी एकदा एक्स-रेच्या फिल्मची पाकिटं उघडून, एकेक फिल्म आतून-बाहेरून पुसून पुन्हा पाकिटात घालून ठेवली होती. उजेड लागून पन्नास फिल्म कामातून गेल्या. तेव्हापासून डॉक्टरांनी बजावलं होतं, "नव्या दवाखान्यात आई एका गोष्टीला जरी हात लावताना दिसली, तर तिचं खाली येणं बंद." हे ते माईंच्या देखत म्हणाले होते आणि माई फडकं पिळत ऐकत होत्या.

टाकी चारशे लिटरची. देवगडहून मिरजेला मासळीचा टेम्पो येई, त्यातून मी समुद्राचं पाणी कॅन भरभरून आणलं, गाळलं, अंधारात ठेवून निवळू दिलं. टाकीखालच्या कपाटात फिल्टर बसवला. तो मी स्वतः बनवला होता. काचेचीच पेटी, तिचे तीन कप्पे. पहिल्यात स्पंज, कचरा अडवायला. दुसऱ्यात पाटीभर फोडलेल्या कालवांच्या शिंपल्या. तिसऱ्यातून मोटर पाणी ओढून पुन्हा वर टाकीत सोडायची.

सगळी करामत त्या दुसऱ्या कप्प्यात असते. मासे पाण्यातच घाण करतात आणि त्या घाणीचं विष होतं. ते विष खाणारे डोळ्यांना न दिसणारे जीव शिंपल्यांवर वाढतात. ते वाढायला महिना-सव्वा महिना लागतो. शिंपल्यांवर तपकिरी बुळबुळीत साय धरली की समजायचं, फिल्टर जिवंत झाला. डॉक्टरांना मी हे सगळं कागदावर चित्र काढून, बाण दाखवून समजावलं. कंपाउंडरलाही समजावलं.

पण या जीवांना सुरुवातीला खायला काहीतरी लागतं. टाकीत मासे तर नाहीत. मग मी काय केलं, तर मासळी बाजारातून आठ कोळंब्या आणल्या, जुन्या बनियनच्या तुकड्यात पुरचुंडी बांधली आणि शिंपल्यांखाली दडपून दिली. खाडिलकरांच्या घरात. जिथे कांदासुद्धा चातुर्मासात जिना चढत नाही. कोळंब्या पंधरा-वीस दिवसांत विरघळून गेल्या, आणि ही गोष्ट माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही या भ्रमात मी होतो.

माई रोज विचारायच्या. "ह्या कपाटात काय आहे रे? गुर्रगुर्र आवाज कसला येतो? शिंपल्या कशाला?" आत कोळंबी होती तेव्हा माझी तारांबळ उडायची. कपाटाचं दार लावून घेत मी म्हणायचो, "काही नाही माई, मशीन आहे ते. मशीन." त्या बरं म्हणायच्या आणि खिडक्या पुसायला लागायच्या.

बर्फाच्या प्रकरणानंतर सहा दिवसांनी मासे पुन्हा आले. या वेळी बाबा स्वतः टेम्पोत बसून आले होते. दोन्ही पायांमध्ये पाण्याचे दोन कॅन धरून, बॅटरीवरचा हवेचा पंप मांडीवर घेऊन, रात्रभर डोळ्याला डोळा न लावता. नऊ मासे होते आणि नऊही जिवंत. टाकीतलं पाणी कॅनमध्ये थोडं थोडं घालत मी दोन तास त्यांना सवय लावली, मग अलगद आत सोडलं. पिवळ्यांनी एक गिरकी घेतली आणि ते दगडामागे गेले.

"ह्या बघूक लोक पैशे देतले?" बाबांनी विचारलं.

"देतले."

"आणि खातले नाय?"

माई मागे उभ्या होत्या. त्यांना हसू आवरेना. "वर या हो चहाला," त्या बाबांना म्हणाल्या. "रात्रभर जागलात."

बाबा चहा घेऊन त्याच टेम्पोतून परत गेले. पुढचे तीन दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे असावेत. मासे खात होते, पाणी आरशासारखं होतं, डॉक्टर येता-जाता टाकीशी थबकत होते. नवमीच्या आदल्या संध्याकाळी ते नव्या खुर्चीचा राहिलेला भाग आणायला पुण्याला गेले. दसऱ्याला सकाळी पोचतो म्हणाले.

नवमीला मी दुपारी एकच्या सुमारास दवाखान्यात शिरलो. दारात रांगोळी. आतमध्ये सगळं लखलखत होतं. खुर्चीला हार, ड्रिलला कुंकू, अवजारं उकळायच्या भांड्यावर झेंडूचं फूल. खंडेनवमी! शस्त्रं, अवजारं, यंत्रं धुऊनपुसून पुजायची, आणि पुजलेल्या यंत्राला त्या दिवशी काम सांगायचं नाही. आमच्याकडे देवगडला होड्यांना हार घालतात. हे सगळं आठवत असतानाच माझ्या कानांना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. गुर्रगुर्र ऐकू येत नव्हती.

टाकीत नऊच्या नऊ मासे पृष्ठभागाशी तोंड वर करून धापा टाकत होते.

मी कपाटाचं दार उघडलं. मोटर बंद. तिच्यावर हळदीकुंकवाची बोटं आणि एक पिवळं फूल. शेजारच्या कप्प्यात शिंपल्या पांढऱ्याशुभ्र, दुधासारख्या.

"कशी दिसतायत?" माई मागून म्हणाल्या. त्यांचा चेहरा इतका फुलला होता की मला बघवेना. "किती घाण धरली होती रे त्यांच्यावर! बुळबुळीत नुसतं. दोन पातेली कढत पाणी लागलं. तो स्पंजसुद्धा खळखळून धुतलाय. तुझं मशीन पण पुजलं मी. म्हटलं, पोरगा परगावचा, त्याच्या हत्याराची पूजा कोण करणार?"

मी बटण दाबलं. मोटर सुरू झाली, पाणी वर चढायला लागलं. पाच-दहा मिनिटांत मासे एकेक करून खाली उतरले. ते हवेसाठी तडफडत होते, हवा मिळाली. पण मला पुढचं दिसत होतं. उद्या दुपारपर्यंत त्यांनी केलेली घाण खायला फिल्टरमध्ये कुणी नव्हतं. वाळूत नि दगडांवर थोडेफार जीव उरले असतील, ते नऊ माशांना पुरले नसते. मी तिथेच फरशीवर बसलो आणि मला रडूच फुटलं. खोटं कशाला सांगू, अगदी हुंदके देऊन रडलो.

"अरे, काय झालं? काय केलं मी?"

"माई, ती घाण नव्हती." चित्रं, बाण, सगळं डोक्यातून गेलं होतं. "ते... ते विरजण होतं. सव्वा महिना लावून लावलेलं. त्याच्यावरच पाणी टिकतं. आपण दही लावतो तसं."

माईंचा हात नकळत तोंडावर गेला.

"मी विरजण धुतलं?" त्या हळूच म्हणाल्या.

दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर मला त्याचं काही वाटलं नसतं. पण माईंच्या घरातलं विरजण त्यांनी लग्नात वाईहून आणलेलं होतं. शेहेचाळीस वर्षांत त्यांनी ते तुटू दिलं नव्हतं. सुतकात शेजारी ठेवायला द्यायच्या आणि बाराव्या दिवशी परत आणायच्या. हे मला त्यांनीच सांगितलं होतं, टाकी भरत असताना.

"रडतोस काय?" त्यांनी एकदम आवाज चढवला. "विरजण गेलं तर माणूस दुसऱ्याकडून मागून आणतो. कुणाकडे आहे असलं?"

"कोल्हापूरला एका वकिलांकडे खाऱ्या पाण्याची टाकी आहे. घोरपडे वकील. पण माझी त्यांची ओळख..."

"ओळख जाऊन करता येते. ऊठ. डबा काढते मी."

अडीचची एसटी मिळाली. माई खिडकीशी, मांडीवर पितळी कडीचा मोठा स्टीलचा डबा. तो जड कसा, हे मी विचारलं नाही. जयसिंगपूर मागे पडलं.

"मुकुंद उद्या माझं खाली येणं बंद करणार," माई बाहेर बघत म्हणाल्या. "करू दे. पण तुझं काम जायला नको."

"माई, मी सांगेन की फिल्टर मीच धुतला."

"तू गप बैस. तुला खोटं बोलता येत नाही. कोळंबीच्या वेळी बघितलंय मी."

"कोळंबीच्या वेळी?"

"बनियनच्या फडक्यात बांधून शिंपल्यांखाली ठेवली होतीस. दुसऱ्याच दिवशी वास आला. वास मला कळणार नाही असं वाटलं तुला? उघडून बघितली, होती तशी बांधून ठेवली."

"मग तुम्ही बोलला नाहीत?"

"मुकुंदला कळतं तर त्यानं तुला त्याच दिवशी घालवलं असतं. आणि तू नोकरी सोडून आलायस हे मला माहीत होतं." त्यांनी डब्याची कडी सारखी केली. "वीस दिवस दोनदा आंघोळ केली मी. श्रावणात. गुडघे धरले माझे."

मी त्यांच्या मांडीवरचा डबा काढून माझ्या मांडीवर घेतला.

वाटेत गाडीचं चाक पंक्चर झालं. तासभर त्यात गेला. कोल्हापुरात शाहूपुरीत घोरपड्यांचा बंगला शोधेपर्यंत अंधारून आलं होतं. वकील कुठल्याशा सत्काराला गेले होते. दार त्यांच्या पत्नीने, इंदुमतीबाईंनी उघडलं. नवमीची भरजरी साडी, हातात निरांजन. दिवाणखान्यात त्यांची टाकी होती, माझ्या टाकीच्या दुप्पट. मी सगळं समजावून सांगणार, तोच माई पुढे झाल्या.

"मिरजेहून आलोय. आमच्या टाकीचं विरजण मोडलं. तुमच्या शिंपल्यांतल्या ओंजळभर मिळाल्या तर आमचे मासे वाचतील."

इंदुमतीबाईंना पटकन समजलं. टाकी त्याच सांभाळत असाव्यात. त्यांचा चेहरा आधी उजळला आणि मग पडला.

"अहो, पण दिवे लागले की आता. आमच्यात दिवे लागल्यावर विरजण बाहेर देत नाहीत बघा. घरातली लक्ष्मी जाते म्हणतात. सकाळी सूर्य उगवला की हवं तेवढं न्या."

मी कपाळावर हात मारला. "काकू, अहो विरजण म्हणजे काही खरं विरजण नाही. हे जिवाणू..."

"तू गप रे," माईंनी मलाच दटावलं. "बरोबर बोलतायत त्या. दिवे लागल्यावर मीसुद्धा आजवर दिलेलं नाही." आणि त्या खरोखरच विचारात पडल्या. मला वाटलं, झालं, आता ह्या दोघी सकाळपर्यंत रीत पाळणार आणि मासे मरणार.

माईंनी डबा खाली ठेवला आणि कडी काढली. आत आमच्याच शिंपल्या होत्या, धुतलेल्या, पांढऱ्याशुभ्र, काठोकाठ.

"तुम्ही द्यायचं नाही आणि आम्ही मागायचं नाही," माई म्हणाल्या. "अदलाबदल करू. ह्या तुम्हाला, तेवढ्याच तुमच्या आम्हाला. घरातून काही गेलं नाही, तेवढंच परत आलं. चालेल ना तुमच्यात?"

इंदुमतीबाईंनी क्षणभर विचार केला. "अदलाबदल चालती की," त्या हसून म्हणाल्या, आणि निरांजन देव्हाऱ्यात ठेवून, जरीचा पदर खोचून, फिल्टरपाशी स्वतः खाली बसल्या. तपकिरी, बुळबुळीत, समुद्राच्या वासाच्या शिंपल्या त्यांनी हातांनी डब्यात भरल्या, वर त्याच पाण्याचे दोन तांबे ओतले. माईंनी त्या बुळबुळीला बोट लावून बघितलं आणि बोट पुसलं नाही.

परतीच्या एसटीत कंडक्टर नाक आवळत आमच्याजवळ आला. "आजी, डब्यात काय हाय वो?"

"विरजण," माई म्हणाल्या.

"असल्या वासाचं?"

"समुद्राचं आहे."

त्याने मुकाट्याने तिकिटं फाडली.

शिंपल्या त्याच रात्री बसल्या. दसऱ्याला पहाटे उठून मी राखून ठेवलेल्या दोन कॅनमधल्या पाण्यानं टाकीतलं थोडं पाणी बदललं, माशांना खायला काही घातलं नाही. आठ मासे ठीक होते. एक पिवळा मात्र वाळूवर आडवा पडला होता. मंडळी जमायला लागल्यावर तो मी घाईनं जाळीत घेतला आणि वळलो, तर दारात डॉक्टर. हातात बॅग, पुण्याहून आले ते थेट टाकीपाशी. मागे दवाखान्यात चार-पाच मंडळी जमलेली, शेजारचे, एक म्हातारे गुरुजी, पेढ्यांचा खोका.

"मेला?" डॉक्टरांनी विचारलं.

"एक."

त्यांनी उघडं कपाट पाहिलं. वाकले. मोटरवरचं कुंकू आता ओलं होऊन खाली ओघळलं होतं.

"तारी," ते ताठ होत म्हणाले. "खरं सांगा. आईने याला हात लावला होता का?"

सगळी रात्र मी हे वाक्य पाठ केलं होतं. मी धुतला, माझी चूक. ओठांवर होतं. आणि तरीही, मला आजही लाज वाटते, मी एक श्वासभर थांबलो. दुसरं कुणी बोलतंय का, ते बघायला थांबलो.

"लावला," माई म्हणाल्या. त्या जिन्याशी उभ्या होत्या, हातात आपट्याच्या पानांचं तबक. "फिल्टर मी धुतला. मशीन मी बंद केलं. त्याचा काही दोष नाही."

डॉक्टरांनी हातातली बॅग खाली ठेवली. मग सगळ्यांसमोर, आवाज न चढवता म्हणाले, "आई, आपलं ठरलं होतं. आजपासून तू खाली यायचं नाही."

"बरं," माई म्हणाल्या. तबक त्यांनी टेबलावर ठेवलं आणि त्या वळल्या. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं याचाच इतका संताप आला की हातातली जाळी मी आपटलीच.

"सर, ह्या फिल्टरमध्ये मी कोळंबी टाकली होती."

गुरुजींच्या हातातला पेढा तोंडापाशीच थांबला.

"काय?"

"कोळंबी. आठ. श्रावणात. त्याशिवाय फिल्टर लागला नसता. मी लपवली होती. माईंना दुसऱ्या दिवशी कळलं आणि त्या बोलल्या नाहीत, कारण तुम्ही मला हाकललं असतं. आणि काल माईच कोल्हापूरला जाऊन शिंपल्या घेऊन आल्या, म्हणून हे आठ जिवंत आहेत. त्यांना खाली येऊ देणार नसाल तर मीही येणार नाही. तुम्ही टीव्ही बसवा."

तीन डॉक्टर मित्र, देखभाल, धंदा, सगळं मी त्या एका दमात फरशीवर ओतून दिलं होतं. डॉक्टर आईकडे बघत होते.

"आई, कोळंबी? या घरात? आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तू दात उपटण्याआधी मुलांना सगळं सांगतोस का?" माई जिन्यावरून म्हणाल्या.

पहिले हसले ते गुरुजी. मग शेजारी. डॉक्टर हसले नाहीत. ते माझ्याजवळ आले.

"माझ्यासाठी तुम्ही चित्र काढलं होतंत," ते म्हणाले. "बाण, कप्पे, आकडे. तो कागद अजून माझ्या खणात आहे. कंपाउंडरला पण दाखवलंत. तिला काय सांगितलं होतंत?"

मी उघड्या कपाटाकडे बघितलं.

"रोज विचारायची ना ती?"

"हो."

"काय सांगितलंत?"

"मशीन आहे म्हणून."

डॉक्टरांनी मान हलवली. मग तबकातलं एक आपट्याचं पान उचलून ते जिन्याकडे गेले, आईच्या हातात दिलं आणि तिच्या पाया पडले. "एक्स-रेच्या वेळी मीही काही सांगितलं नव्हतं तिला," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "नुसता ओरडलो होतो."

कुणीतरी पेढे वाटायला सुरुवात केली. मी कपाटासमोर फरशीवर मांडी घातली, दार पूर्ण उघडलं आणि खिशात कागद-पेन्सिल आहे का चाचपलं.

"माई, खाली या," मी म्हणालो. "पहिल्यापासून सांगतो."

"थांब," माई म्हणाल्या. "चष्मा आणते."

आणि त्या गुडघ्यांची पर्वा न करता जिना चढून गेल्या. दारातले पाहुणे त्यांची वाट बघत उभे होते, पण त्या खाली आल्या त्या सरळ माझ्या शेजारी येऊन बसल्या.